दहावी जोडी

काकांना प्रार्थनेसाठी दहावा पुरुष हवा होता आणि मी एका बाईला घेऊन गेलो.

चूक म्हणाल तर एवढीच. बाई चांगली होती, डॉक्टर होती, धर्मानं ज्यू होती, आणि विचारल्यावर फारसे आढेवेढे न घेता गाडीत येऊन बसली होती. फक्त पुरुष नव्हती. दोह्यात ज्यू शोधणं म्हणजे खजुराच्या बागेत हापूस शोधणं. तो मी ऐन ट्रॅफिकमध्ये शोधून आणला होता, आणि स्वतःच्या कर्तबगारीवर इतका खूश होतो की ओल्ड एअरपोर्टच्या सिग्नलला चक्क शीळ घालत होतो. मी जेव्हा जेव्हा शीळ घातली आहे तेव्हा तेव्हा कुणाचं ना कुणाचं वाटोळं झालं आहे. पण त्या दिवसाइतकं कधी नाही.

काका आता नाहीत. त्यांची पेटी विमानतळाच्या कार्गोत पोचवायला मीच गेलो होतो. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "मयताचे तुम्ही कोण?" मी म्हणालो, "भाडेकरू." काकांनी मला दिलेलं पद वेगळं होतं, पण ते काउंटरवर सांगण्यासारखं नव्हतं.

ओल्ड एअरपोर्टच्या एका गल्लीत काकांनी जुना व्हिला भाड्यानं घेतला होता. खाली ते आणि काकू, वर पोटभाडेकरू मी. माझी बायको मुलांच्या शाळेपायी नाशिकला राहिलेली, त्यामुळे मी दोह्याच्या भाषेत 'बॅचलर', म्हणजे दोन मुलांचा बाप. खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता आधी पायांकडे बघितलं.

"चपला बाहेर. अशा नको, जोडी सरळ लाव. मोजता आली पाहिजे."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या दारातून चपला चोरीला जात असणार. मी लगेच म्हणालो, "काका, आपण कॅमेरा बसवू या. माझ्या ओळखीचा एक जण आहे." काकांनी माझ्याकडे असं बघितलं की कॅमेऱ्याचं तर राहूच द्या, खोलीसुद्धा जाते की काय असं झालं. आतून काकू म्हणाल्या, "देऊन टाका हो खोली. बावळट आहे, पण चपला सरळ लावतोय."

काकांचं आडनाव त्यांच्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. दाढी पांढरी, डोक्यावर कायम टोपी. त्यामुळे मराठी मंडळातली माणसं त्यांना आपलं समजायची आणि रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान त्यांना आपलं समजायचे. गणपतीची आमंत्रणं यायची, इफ्तारची यायची, काका दोन्हीकडे जायचे आणि दोन्हीकडे फक्त फळं खायचे. कुणी अगदी सरळ विचारलंच तर म्हणायचे, "आम्ही शनवार तेली." विचारणारा समजायचा की हे ऑइल कंपनीत आहेत.

काका बेने इस्राएल होते. रायगडातले ज्यू. पूर्वी घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून ते नाव. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत, आणि आमटीला काकूंच्या हातचा असा काही वास की मी जिन्यावर उगाच रेंगाळायचो. कतारला इतकी वर्षं कसे टिकलात, असं विचारलं तर काका सांगायचे, "शनिवारची सुट्टी. मुंबईत मी शनिवारसाठी तीन साहेबांशी भांडलो. इथं अख्खा देशच शनिवारी घरी बसतो. असा देश सोडायचा कशाला?" एका कॉन्ट्रॅक्टरकडे ते ड्राफ्ट्समन होते. कॉम्प्युटर आल्यावर त्यांचं काम संपलं, पण त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता तो कतारी मालक, त्यांच्याइतकाच म्हातारा होता. दोघांनी एकमेकांना रिटायर केलं नाही, एवढंच.

चपलांचं कोडं पुढे सुटलं. त्यांच्यात माणसं मोजत नाहीत. माणसांवर बोट ठेवून एक, दोन, तीन म्हणणं अशुभ. म्हणून काका चपला मोजायचे. मंडळाच्या गणपतीला गेलो की आरती बाजूला, हे बाहेर दारात उभे. मग माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "अठ्ठावीस जोड्या! दोनदा दहा होऊन वर आठ उरतात. काय श्रीमंती आहे रे तुमची. आणि काय करता एवढ्या माणसांचं? मोदक वाटता."

दहांचं असं होतं की त्यांच्या काही प्रार्थना एकट्यानं म्हणायच्या नसतात. त्यात कद्दीश नावाची एक, मेलेल्या माणसासाठी म्हणायची. घरात एकटं बसून, उशीत तोंड खुपसून ती म्हणता येत नाही. त्यांच्यातले दहा जमले, तरच ती तोंडातून काढायची. आणि दोह्यात ते एकटे. निदान त्यांना माहीत असलेले तरी तेच.

"मग मला धरा की," असं मी एकदा मोठ्या मनानं म्हणून बघितलं.

"तू आमच्यात शून्य," काका म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस. मी एक, तू शून्य. शेजारी उभा राहा, लांबून दहा दिसू."

तेव्हापासून मी शून्य. "शून्या, खाली ये, सिलिंडर आलाय." "शून्या, चहा घेणार का?" मला ते आवडायचं. ऑफिसात मला याहून वाईट हुद्दा होता.

दहाचं हे वेड त्यांना जपानात लागलं होतं. तरुणपणी काका काही वर्षं कोबेच्या गोदीत नकाशे काढायला होते. तिथं टेकडीवर एक लहानशी मशीद होती. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात, त्यामुळे काका 'आमच्या मशिदीत' म्हणाले की कोपऱ्यावरचे मासेवाले बशीरभाई भक्तिभावानं मान डोलवायचे. त्या मशिदीत सिरियाचे कापडवाले, बगदादचे, पोलंडचे, रशियाहून पळून आलेले, अशी भरती होती. पण म्हाताऱ्यांची, आणि कितीही जोर लावला तरी नऊ. मग शुक्रवारी संध्याकाळी एक सिरियन व्यापारी टॅक्सी घेऊन गोदीच्या फाटकावर यायचा आणि काळ्यासावळ्या या रायगडकराला शाईनं माखलेल्या हातांनिशीच उचलून न्यायचा.

"मी दारात पाय ठेवला की सगळे उभे राहायचे," काका सांगायचे. "मी कुणी मोठा नव्हतो रे. मी दहावा होतो. जगात दहाव्यासारखं पद नाही."

त्याच कोबेत पेसाहच्या सणाला त्यांनी डब्यातून तांदळाची भाकरी काढली होती. त्या सणात आंबवलेलं चालत नाही, आणि आपल्याकडे कोकणात तांदळाला कोण नाही म्हणणार? पण शेजारी बसलेल्या पोलंडच्या म्हाताऱ्याच्या लेखी त्या दिवसांत तांदूळ म्हणजे पाप. तो खुर्ची उचलून पार टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि सण संपेपर्यंत काकांशी बोलला नाही. शनिवारी मात्र बाकीचे नऊ जमल्यावर पायी काकांना न्यायला आला तोच.

"ताटावरून उठवायचं आणि दहात मोजायचं," काका हसून म्हणायचे. "आमच्यात हे दोन्ही एकाच आठवड्यात होतं."

दोह्यात ते सगळे सण दोघांचेच करायचे, आणि त्यांची नावं अशी की मला वाटायचं हे माझी फिरकी घेतायत. खिरीचा सण. बिरड्याचा सण. दार लावायचा सण. पेसाहला दारू हवी, ती इथं कुठली. पण त्यांच्याकडे मुळातच काळ्या मनुका भिजवून सरबत करतात, त्यामुळे कतारचा कायदा आणि मोशेचा कायदा काकूंच्या एका पातेल्यात सुखानं नांदायचे. दार लावायच्या सणाला मी अर्थातच माती खाल्ली. त्या दिवशी ते उपास करतात, पांढरे कपडे घालून दार लावून बसतात, कुणाचं तोंड बघत नाहीत. सकाळीच माझा गीझर फुटला. मी खाली जाऊन दार बडवतोय, हाका मारतोय, आतून काही नाही. मी घाबरलो. दोघं म्हातारी माणसं, आत काय झालं असेल? बशीरभाईंना बोलावलं, त्यांनी मासे कापायचा कोयता कुलपात घातला आणि आम्ही दोघं धडपडत आत पडलो. काका आणि काकू पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसलेले. काकांनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी तारे उगवल्यावर वर आले आणि म्हणाले, "वर्षभराची पापं धुऊन टाकत होतो. त्यात तू पाणी सोडलंस."

आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. त्यांचे पूर्वज गलबतातून आले, आणि ते गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. "सात पुरुष वाचले आणि सात बायका. सातच रे! म्हणजे कोकणात पाय ठेवला त्या दिवसापासून आमच्यात तीन कमी आहेत."

यावर आतून काकूंचा आवाज ठरलेला. "सात आणि सात चौदा होतात. तुम्हाला मोजता येत नाही, तर गलबताला कशाला दोष देता?"

"हिचं गणित वेगळं आहे," काका मला डोळा मारून म्हणायचे. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला की मला तो मिक्सरच्या आवाजासारखा झाला होता. चालू असायचा, ऐकू यायचा नाही.

साथीच्या वर्षी दोघांनाही हॉस्पिटलात नेलं. वेगवेगळ्या मजल्यांवर. काका नळ्या लावून पडलेले असताना काकू गेल्या. त्यांना सांगितलं तेव्हा काकूंची पेटी मुंबईकडे निघून गेली होती, एकटी, कार्गोतून. तिथून अलिबागेकडे. गावच्या मशिदीची किल्ली एका म्हाताऱ्याकडे असते, बाकी सगळे कधीच इस्राएलला गेलेले. काकूंना पुरलं तेव्हा तिथं चौघं होते. कद्दीश म्हटली गेली नाही.

काका घरी आले ते अर्ध्या फुप्फुसांचे. डॉक्टर म्हणाले, विमान विसरा. ठाण्यात त्यांचे लोक पुष्कळ आहेत, तिथं दहा काय, शंभर जमतील. पण ठाणं विमानाच्या पलीकडे. मुलगी तिकडे इस्राएलमध्ये, अश्दोदला, फोनवर म्हणायची, "डॅडी, मी इथं कुणाकडून तरी म्हणवून घेते." काका म्हणायचे, "कुणाकडून तरी? मी नवरा आहे तिचा."

काकूंच्या चपला त्यांनी दारातून हलवल्या नाहीत. तपकिरी, अंगठ्याशी झिजलेल्या. रोज संध्याकाळी काका दार उघडून मोजायचे. स्वतःची एक, माझी एक, त्यांची एक. मग दार लावायचे. दर वर्षी तिथीच्या दिवशी तेलाचा दिवा लावायचे आणि त्याच्यासमोर तोंड मिटून बसायचे. मी एकदा म्हणालो, "म्हणून टाका ना काका, कोण ऐकतंय?" ते म्हणाले, "तेच तर. ऐकायला कोण आहे?"

आणि मग फुटबॉलचा वर्ल्ड कप दोह्यात आला.

काकांना फुटबॉलमधलं एवढंच कळायचं की चेंडू पायानं मारतात. पण सगळं जग विमानात बसून इथं येणार, आणि काकूंची तिथी बरोबर त्याच दिवसांत पडतेय, हे त्यांनी फार आधी हिशोबात धरलं होतं. "मला जाता येत नाही ना," ते म्हणाले, "तर बघ, जगाला माझ्याकडे यावं लागलं." अनेक महिन्यांनी मी त्यांना दाढी विंचरताना बघितलं.

रोज मी त्यांना अल अझीझियाला स्टेडियमजवळ सोडायचो. ते एका बाकावर बसायचे आणि कोबेत शिकलेली शुक्रवारच्या प्रार्थनेची एक चाल गुणगुणायचे. त्यांची आपली चाल कोकणातली, ती जगात कुणाला ओळखू येणार नाही. पण ही सगळ्यांची. "जो मान वळवील तो आपला," ते म्हणाले. अर्धी फुप्फुसं, त्यात व्हुवुझेला आणि ढोल. मला वाटलं, म्हातारा इथंच संपणार. पण माना वळल्या. पहिला वळला तो अर्जेंटिनाचा एक बाप, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला. तो थबकला, मागे फिरला आणि काकांच्या समोर मांडी घालून फुटपाथवर बसला. काका त्याच्याशी काय बोलले देव जाणे, एकाला स्पॅनिश येत होतं आणि दुसऱ्याला मराठी. त्या बापाचे दोन तरणे मुलगे, मग मेक्सिकोचे दोघं भाऊ, लंडनचा एक दाढीवाला, आणखी तिघं. काकांसकट दहा भरले. तिथीचा दिवस शनिवारी सूर्य बुडाल्यावर सुरू होत होता. संध्याकाळी काकांच्या घरी जमायचं ठरलं.

त्या शनिवारी दुपारी काकांनी बशीरभाईंकडून मोठं ताट आणवलं आणि, शनिवार म्हणून स्वतः हात न लावता, माझ्याकडून मलिदा करवून घेतला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळी आणि खजूर. मलिदा एलियाहू हन्नबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावानं करतात. "हे झाल्यावर मलिदा," ते म्हणाले, "आणि तिचं सुटेल." मी खोबरं खवलं, म्हणजे अर्धं माझं बोट खवलं. बशीरभाई खुर्च्या घेऊन आले, पण दाराच्या बाहेरच थांबले, बूट घालून.

"आत या की," मी म्हणालो.

"नको हो. बूट काढले आणि काकांनी चुकून मला मोजला म्हणजे?"

सूर्य बुडाला. माणसं येऊ लागली, दारात बुटांची रांग लागली, काका दर दोन मिनिटांनी डोकावून जात होते. तेवढ्यात फोन आला. शेवटच्या तिघांपैकी एक, कॅनडाचा, त्याला आयत्या वेळी कसलंसं तिकीट मिळालं होतं. सॉरी म्हणाला आणि गेला. काकांसकट नऊ राहिले. अर्जेंटिना आणि मेक्सिकोची त्याच रात्री एकमेकांशीच मॅच होती, तीही पार लुसैलला. म्हणजे पाच जणांना तासाभरात निघणं भाग होतं.

काका खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"काका, मी आणतो," मी म्हणालो. "यल्ला, आत्ता जातो. कुठला चालेल?"

"आमच्यातला," काका म्हणाले. पुरुष हवा, हे सांगायची गरज त्यांना वाटली नाही. आपण तरी पूजेला भटजी आणायला सांगताना पुरुष आण असं कुठे सांगतो?

अल अझीझियाच्या करक चहाच्या रांगेत मला तिच्या गळ्यातली साखळी दिसली. सहा टोकांची चांदणी. पन्नाशीची, केस बारीक कापलेले. मी धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिलो आणि, भर दोह्यात, इंग्रजीत विचारलं, "माफ करा मॅडम, आपण ज्यू आहात का?"

अख्खी रांग वळून बघायला लागली. ती चांदणीवर हात ठेवून म्हणाली, "कोण विचारतंय?"

"मी कुणीच नाही," मी म्हणालो. "शून्य. पण एका म्हाताऱ्याला त्याच्या बायकोसाठी कद्दीश म्हणायचीय."

ती पाच मिनिटांत गाडीत होती. नवरा चिनी, फुटबॉलवेडा, मॅचला गेलेला; राहायला हाँगकाँगला. आणि जन्म, ती म्हणाली, कोबेचा. मी शीळ घालायला लागलो ती इथं.

घरात शिरलो तेव्हा सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी बाजूला झालो आणि मागून ती आली. मग लंडनचा दाढीवाला अगदी हळू म्हणाला, "हे नऊच झाले."

"आमच्याकडे मोजतात," अर्जेंटिनाचा बाप म्हणाला.

"तुमच्याकडे कशालाही मोजतात."

आणि जे पेटलं! स्पॅनिश, इंग्रजी, मध्येच हिब्रू. मेक्सिकोचा एक भाऊ तिच्या बाजूचा, दुसरा विरुद्ध. दाढीवाल्याचं म्हणणं की तिला मोजलं तर तो उठेल, आणि तो उठला तर नऊ. अर्जेंटिनाच्या धाकट्याचं म्हणणं की नाही मोजलं तर तो उठेल. ती मात्र भांडली नाही. काकांजवळ जाऊन तिनं इंग्रजीत आपली ओळख करून दिली. काका एकदम म्हणाले, "कोबे? टेकडीवरची?"

"हो."

"तिथं अजून दहा जमतात का?"

"कधी जमतात, कधी नाही," ती म्हणाली. "हाँगकाँगला मला मोजतात. कोबेला मोजलं तर तिथंही जमतील."

काका वळले आणि दाराशी गेले. दाराशी उभे राहून खाली बघत राहिले. बराच वेळ. आत भांडण, बाहेर बशीरभाई, आणि मधे हे, पाठमोरे, नुसते उभे. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, झालं, म्हातारा कोसळला. माझ्यामुळे. या माणसानं आयुष्यभर कायदा पाळला आणि ऐन वेळी मी त्याच्या घरात हे आणून ठेवलं. काहीतरी केलं पाहिजे, आणि ताबडतोब केलं पाहिजे. ताबडतोब काहीतरी करणं हा माझा जुना आजार आहे.

मी पुढे झालो. "सॉरी, सॉरी. चूक माझी. मॅडम, तुम्हाला उगाच त्रास. मी परत सोडतो, आणि पुरुष घेऊन येतो, अर्ध्या तासात." काकांच्या पायांजवळ बुटांच्या रांगेच्या टोकाला, काकूंच्या चपलांना लागून, तिच्या सँडल्स होत्या. मी त्या उचलल्या आणि तिच्या हातात दिल्या.

तिनं काकांकडे बघितलं. काकांनी मान वर केली नाही. ती बाहेर पडली.

गाडीत ती एकच वाक्य बोलली. "तुम्ही त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात," मी म्हणालो. "जुन्या वळणाचे आहेत ते."

तिला सोडून मी चार हॉटेलांच्या काउंटरवर जाऊन विचारलं की तुमच्याकडे कुणी ज्यू पाहुणा आहे का, पुरुष, अर्जंट आहे. एका ठिकाणी सिक्युरिटीवाला माझ्याबरोबर गाडीपर्यंत आला आणि नंबरप्लेटचा फोटो काढून गेला. रस्ते मॅचसाठी बंद. मी परत पोचलो तेव्हा दारात दोनच जोड्या होत्या. काकांची आणि काकूंची.

बशीरभाई अजून बाहेरच होते. "गेले सगळे," ते म्हणाले. "तो दाढीवाला शेवटपर्यंत थांबला होता. काकांचे हात धरून रडला बिचारा. काय केलंत हो तुम्ही?"

आत दिवा जळत होता. काका मलिद्याच्या ताटासमोर बसलेले. मी म्हणालो, "काका, पुढच्या वर्षी—"

"खा," ते म्हणाले. "खोबरं खवट होईल."

पुढच्या वर्षी कुणी येणार नव्हतं, हे तेव्हा त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. वर्ल्ड कप पुन्हा दोह्यात येत नसतो. त्याच पुढच्या वर्षी तर इस्राएलकडे लढाई पेटली, मुलीचा फोन कधी लागायचा, कधी नाही, आणि बाकावर बसून गुणगुणायचे दिवस उरले नाहीत. काकांनी खीर करणं सोडलं. दार लावायच्या सणाला दार उघडं दिसलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "वाजवायलाच कुणी नसेल तर लावायचं कशाला?" मी गंमत म्हणून म्हणालो, "मी वाजवतो की." ते हसले नाहीत. चपला मोजणंही बंद झालं. एक दिवस काकूंची जोडी दारात दिसली नाही. ती त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली होती.

मला ते शून्यही म्हणेनासे झाले. नावानं हाक मारायचे, आणि ते ऐकून मला कसंतरी व्हायचं.

शेवटी पुन्हा तेच हॉस्पिटल. ऑक्सिजनचा मास्क, वर भिजलेली दाढी. पेटी कुठे पाठवायची ते मुलीनं कळवलं होतं. काकूंच्या शेजारी जागा होती, किल्लीवाला म्हातारा होता. दहाचं कुणी बोललंच नाही. मी पलंगाजवळ बसलो होतो आणि काहीतरी बरं बोलायचं म्हणून, माझ्या नेहमीच्या अकलेनं, तोच विषय काढला.

"काका, त्या दिवशी मी पुरुष आणला असता ना—"

त्यांनी मास्क बाजूला केला. नर्स धावली, तिला हातानं थांबवलं.

"तू मला दाराशी बघितलंस ना?"

"हो. तुम्ही रडत होता."

"मोजत होतो," काका म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. "ती आयुष्यभर सांगत होती, सात आणि सात चौदा. मी पहिल्यांदा तिच्या गणितानं मोजलं. तिच्या आणि तुझ्या चपला सोडून. दहा जोड्या होत्या रे. दहा. मी वळून आत सांगणार होतो, ज्याला उठायचं त्यानं उठावं, माझ्या घरात दहा भरलेत. कोबेची पोर ती. आणि माझ्याकडे बघून कुणी उठलं नसतं. मोजून झालं आणि मान वर केली, तर तू तिच्या सँडल्स उचलून तिला घेऊन चालला होतास. हाक मारायला छातीत दम नव्हता."

मी म्हणालो, "मला वाटलं…"

"इतकी वर्षं तुला शून्य धरून चाललो," काका म्हणाले आणि मास्क पुन्हा तोंडावर ओढायला लागले. "चुकलो. तू वजा एक निघालास."